‘लॉयल्टी’ : शिंदे सरकारांची इस्पितळ-बोट

भंडाऱ्याच्या माणसाला ‘बोट’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो वैनगंगेतला डोंगा. पहाटेच्या धुक्यात कारध्याच्या पुलाखालून एखादा ढिवर उभ्याउभ्या बांबू रेटत जाळ्याकडे निघालेला असतो. पायाशी ओली दोरी आणि एक टोपलं. ही नदी पुढे प्राणहितेच्या आणि मग गोदावरीच्या नावाने वाहत पूर्वेच्या समुद्राला मिळते. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने सुमारे नऊशे किलोमीटर दूर. तरीही मुंबईच्या गोदीतल्या एका जुन्या आगबोटीची गोष्ट सांगायला बसलं की तिचे धागे पुन्हा पुन्हा या मुलखात येतात. नागपूरच्या गिरणीपाशी, तुमसरच्या खाणीपाशी आणि १९१८च्या मानमोडीपाशी, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीपाशीसुद्धा.

या बोटीला दोन नावं मिळाली आणि तीन आयुष्यं. दर वर्षी ५ एप्रिलला देशभर तिच्या तिसऱ्या आयुष्याची आठवण निघते. मधलं आयुष्य, म्हणजे महायुद्धाची चार वर्षं ती तरंगतं रुग्णालय होती तो काळ, मात्र एखाद्या ओळीत उरकला जातो. या बोटीची खरी थोरवी त्या ओळीतच आहे.

इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस इथल्या कारखान्यातून ही बोट ३० ऑगस्ट १८९० रोजी पाण्यात उतरली. मालक कॅनडियन पॅसिफिक रेल्वे कंपनी. कॅनडा ओलांडून व्हँकुव्हरपर्यंत रूळ टाकल्यावर कंपनीला पुढचा प्रवासही स्वतःच्या हातात हवा होता. पॅसिफिक महासागर ओलांडून जपान आणि चीनला टपाल, रेशीम, चहा आणि माणसं नेण्यासाठी तिने तीन सख्ख्या बहिणींसारख्या बोटी बांधून घेतल्या. एक जपानच्या नावाची, एक चीनच्या आणि पहिली हिंदुस्थानच्या : ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. टनेज ५,९०५, लांबी साडेचारशे फुटांवर, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, जुन्या शिडाच्या जहाजासारखा पुढे झेपावलेला नाळेचा भाग आणि सगळं अंग पांढरंशुभ्र. त्या काळी ती समुद्रावरची देखणी बोट मानली जाई.

‘एम्प्रेस’ हा शब्द विदर्भाला नवा नव्हता. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब जाहीर केला तो १ जानेवारी १८७७ रोजी, आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांची नागपूरची कापड गिरणी सुरू झाली. तिचं नाव एम्प्रेस मिल. मोहाडी, पवनीच्या कोष्ट्यांना हा शब्द गिरणीच्या स्वस्त सुतामुळे आणि हातमागावर आलेल्या संकटामुळे कळला. त्याच किताबाच्या नावाची बोट १८९१च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलहून पहिल्या सफरीला निघाली. नागपूरहून भंडारा, तुमसरवरून पूर्वेकडे जाणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा रस्ता आसनसोलपर्यंत पुरा झाला तोही त्याच वर्षी.

या बोटीच्या पहिल्या आयुष्यातला एक प्रवासी सांगण्याजोगा आहे. १८९२च्या एप्रिलमध्ये रुडयार्ड किपलिंग नव्या नवरीसह व्हँकुव्हरहून योकोहामाला गेला तो याच बोटीने. पुढे दोन वर्षांत त्याचं ‘जंगल बुक’ आलं आणि वैनगंगेचं नाव जगभरच्या मुलांच्या तोंडी बसलं. सिवनीच्या जंगलातून खाली उतरणारी, भंडाऱ्याला वळसा घालणारी ही आपलीच नदी.

बावीस-तेवीस वर्षं पॅसिफिकच्या वाऱ्या करून बोट थकली. तिच्यापेक्षा मोठ्या, वेगवान बोटी आल्या. ती विकायला निघाली तेव्हा युरोपात युद्ध पेटलं होतं.

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन युद्धात उतरलं. महिनाभरात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी लंडनला एक लांबलचक तार पाठवली, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती पार्लमेंटमध्ये वाचली गेली. कोणत्या संस्थानिकाने काय देऊ केलं त्याची ती यादी होती. म्हैसूरच्या महाराजांचे ५० लाख रुपये होते, कोणाचे घोडे होते, कोणाचे उंट. त्याच यादीत हेही होतं की संस्थानांनी मिळून एक रुग्णालय जहाज द्यायचं ठरवलं आहे, मूळ कल्पना ग्वाल्हेरच्या महाराजांची आणि भोपाळच्या बेगमसाहेबांची आहे आणि जहाजाचं नाव ‘लॉयल्टी’ असेल. नाव आधी ठरलं होतं, बोट पुढे मिळाली. १९१४ सरता सरता माधवराव शिंद्यांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ विकत घेतली आणि १९१५च्या जानेवारीत तिचं नाव बदललं.

माधवराव शिंदे म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या पाटलांचे वंशज, महादजींच्या गादीवर बसलेले. इंग्रजांनी शिंद्यांचं ‘सिंदिया’ केलं होतं. जन्म १८७६चा, दहाव्या वर्षी गादी. रुग्णालय जहाज ही त्यांची पहिलीच हौस नव्हती. १९००मध्ये चीनमध्ये बॉक्सर बंड झालं तेव्हा जनरल गॅसलींच्या फौजेसाठी त्यांनी आपल्या खर्चाने एक रुग्णालय जहाज सज्ज करून दिलं होतं आणि स्वतःही त्या मोहिमेवर गेले होते. तेवीस-चोवीस वर्षांचा राजा, मनात आणलं असतं तर तलवारीचा, तोफांचा नजराणा देऊन मोकळा झाला असता. त्याने खाटा आणि मलमपट्टी दिली. पाण्यावरून जखमी माणूस घरी आणायचा म्हणजे काय, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं होतं. चौदा वर्षांनी पुन्हा तीच कल्पना सुचली ती या अनुभवातून, असं मानायला जागा आहे.

‘लॉयल्टी’ म्हणजे इमान, राजनिष्ठा. ती निष्ठा साम्राज्यापुढे ठेवलेली होती, यात शंका नाही. पण बोटीच्या खाटा हिंदी सैनिकांसाठी होत्या, आणि हिंदी शिपायासाठी अशी खाट त्या काळी सहज मिळणारी गोष्ट नव्हती.

रुग्णालय जहाज हे प्रकरण मुंबईला जुनंच. १८६७-६८मध्ये सर रॉबर्ट नेपिअर मुंबईहून ॲबिसिनियावर फौज घेऊन गेले तेव्हा आजारी शिपायांसाठी तीन बोटी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. १९०७च्या हेग करारात अशा बोटींचे नियम पक्के झाले. सरकारी रुग्णालय जहाज असेल तर बाहेरून पांढरा रंग आणि साधारण दीड मीटर रुंदीचा हिरवा पट्टा. खासगी संस्थेचं असेल तर पट्टा तांबडा. डोलकाठीवर आपल्या देशाच्या निशाणाबरोबर रेडक्रॉसचं पांढरं निशाण. बोटीचं नाव शत्रूला आधी कळवायचं. दारूगोळा नाही, धडधाकट शिपाई नाहीत, आणि समुद्रात जखमी सापडला तर तो कोणत्या बाजूचा हे विचारायचं नाही. शत्रूने अशी बोट बुडवायची नाही, हवी तर थांबवून तपासायची. म्हणून युद्धकाळात इतर बोटी रात्री काजळीसारख्या अंधारात जायच्या, आणि रुग्णालयाची बोट मात्र दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी उजळलेली. अंगावरचा तांबडा क्रॉस दिसावा म्हणून त्यावर दिवे सोडलेले असत.

समुद्रावर रुग्ण सांभाळणं हे जमिनीपेक्षा वेगळंच काम. बोट डोलते, त्यामुळे मोडलेलं हाड हलतं. म्हणून टांगलेल्या, झुलत्या खाटा लागतात. खालच्या मजल्यांवर उकाडा एवढा की जुलाबाचा रुग्ण तिथे ठेवला तर तो मुक्कामाला पोचेपर्यंत टिकेल याची खात्री नाही. पाणी मोजून द्यायचं. हिंदी सैनिकांच्या इस्पितळांत तर हिंदू, मुसलमान, शीख यांच्या चुली आणि पाणी वेगळं ठेवावं लागे. ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींसाठी रुग्णालय उघडलं तेव्हा तिथे नऊ स्वयंपाकघरं चालत. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर सगळ्यांना दिसतो. पण डोली उचलणारा कहार, पाणी देणारा भिस्ती, भांडी घासणारा, मळकं अंथरूण धुणारा, आणि खाली इंजिनापाशी भट्टीत कोळसा लोटणारा आगवाला, यांच्यावाचून ते रुग्णालय तासभरही तरलं नसतं. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर सारंग, टंडेल, खलाशी पुष्कळदा कोकणातले असत. घरी रत्नागिरीकडे मनिऑर्डर आणि हातात बसऱ्याचा कोळसा, असा तो काळ.

बसरा या आजच्या इराकमधल्या बंदराचं नाव महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत शिरलं ते याच युद्धात. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी हिंदुस्थानातून गेलेली फौज इराणच्या आखाताच्या टोकाशी फाव इथे उतरली. ती होती सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठा पलटणी होत्या. वर्षभर ही फौज टायग्रिसच्या काठाने वर वर सरकत गेली. बगदाद दृष्टीच्या टप्प्यात आलं असं वाटलं तोच २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफॉनला तुर्कांशी गाठ पडली. चार दिवसांत साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली.

आणि मागे नेण्यासाठी काय होतं? चाकांच्या स्प्रिंगा नसलेल्या खटारगाड्या. त्यांत एकावर एक टाकलेले जखमी नदीपर्यंत आणले गेले. नदीवर रुग्णालयाची म्हणावी अशी बोट नव्हती. माल, जनावरं वाहणाऱ्या आगबोटी होत्या, बाजूला बांधलेले सपाट पडाव होते. त्यांच्या लोखंडी तळावर, वर छप्पर नाही, खाली गवत नाही, अशा अवस्थेत माणसं टाकली आणि बोटी बसऱ्याकडे निघाल्या. वरून तार गेली ती अशी की जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली आहे.

बसऱ्याला ‘वरेला’ नावाचं रुग्णालय जहाज उभं होतं. त्यावरचे मुख्य डॉक्टर होते इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर मार्कहॅम कार्टर. एका संध्याकाळी त्यांनी पाहिलं, ‘मेजिदिया’ ही आगबोट दोन्ही बाजूंना पडाव बांधून वरच्या अंगाने येते आहे. जवळ आली तशा तिच्या कडांवरून दोऱ्या लोंबताना दिसल्या. अगदी जवळ आल्यावर कळलं की त्या दोऱ्या नव्हत्या. अतिसाराने गळालेली, जागेवरून हलता न येणारी माणसं कित्येक दिवस जिथे होती तिथेच विधी करत होती, आणि तो मळ बोटीच्या कडेवरून ओघळून वाळला होता. ऊन आणि पाऊस दोन्ही त्यांच्या अंगावरून गेले होते. जखमांत किडे झाले होते. एका शिपायाच्या मोडलेल्या पायाला दारूच्या खोक्याच्या फळ्या बांधलेल्या होत्या.

कार्टर गप्प बसले नाहीत. त्यांनी लिहिलं, तक्रार केली, वरिष्ठांना गाठलं. त्यांना लुडबुड्या म्हणून झिडकारलं गेलं, अटकेची धमकी मिळाली. पण चौकशी समिती बसली तेव्हा त्यांनी पाहिलं तेवढं सगळं तिच्यापुढे सांगितलं. त्या समितीचा, म्हणजे मेसोपोटेमिया (आजचा इराक) कमिशनचा, अहवाल १९१७च्या जूनअखेरीस प्रसिद्ध झाला आणि विलायतेत खळबळ उडाली. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलैत राजीनामा दिला. त्यांच्या जागी एडविन माँटेग्यू आले, आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. त्या घोषणेमागे इतर कारणंही पुष्कळ होती. पण भारतमंत्र्याची खुर्ची रिकामी झाली ती नदीवरच्या त्या पडावांमुळे, हे विसरता येत नाही. कार्टरसारखा एखादा माणूस मध्ये उभा राहिला नसता तर ‘व्यवस्था समाधानकारक’ हीच इतिहासाची ओळ झाली असती.

इकडे पुणे डिव्हिजन मागे हटून कूत-अल-अमारा या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा. बाहेरून सोडवायला गेलेल्या फौजेचीच वीस हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. २९ एप्रिल १९१६ रोजी तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली. तीनही मराठा पलटणींचे उरलेले शिपाई त्यांत होते. कैदेतून परत न आलेल्यांची संख्या मोठी आहे.

मुंबई हे या सगळ्या दुखण्याचं उतरण्याचं ठिकाण झालं. अलेक्झांड्रा गोदी नुकतीच, १९१४मध्ये, उघडली होती. जखमींच्या बोटी लागत, डोल्या उतरत, पुढे मोटारी आणि रेडक्रॉसच्या आगगाड्या. शहरात जिथे मोठी इमारत सापडेल तिथे खाटा पडल्या. काळ्याघोड्याजवळचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, नुकतंच बांधून झालं होतं. ते वस्तूंआधी माणसांनी भरलं. घुमटाखालच्या दालनांत लेडी हार्डिंग वॉर हॉस्पिटल सुरू झालं, आणि संग्रहालय म्हणून लोकांसाठी ते उघडलं थेट जानेवारी १९२२मध्ये. आज शाळेच्या सहलीत मुलं ज्या फरशीवर रांगेत उभी राहतात, तिथे शंभर वर्षांपूर्वी बसऱ्याहून आलेला शिपाई घरच्या पत्राची वाट पाहत पडला होता.

हेग कराराचा हिरवा पट्टाही सगळ्यांना वाचवू शकला नाही. ‘ब्रिटानिक’ ही ‘टायटॅनिक’ची बहीण रुग्णालय जहाज होती, ती नोव्हेंबर १९१६मध्ये ग्रीसजवळ सुरुंगाने बुडाली. २७ जून १९१८च्या रात्री ‘लँडोव्हरी कॅसल’ जर्मन पाणबुडीने बुडवली आणि वाचलेल्यांच्या होड्यांवरही गोळीबार केला. २३४ माणसं गेली, २४ वाचली. ‘लॉयल्टी’ या चार वर्षांतून सुखरूप बाहेर पडली.

समुद्रावरून घरी येणाऱ्या फौजांबरोबर आणखी एक गोष्ट आली. १९१८च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत पहारा करणारे काही पोलीस शिपाई तापाने आडवे झाले. थोड्याच दिवसांत शहर खोकू लागलं. पावसाळा सरताना साथीची दुसरी, जास्त भयंकर लाट आगगाडीत बसून देशभर पसरली. लोकांनी तिला मानमोडी म्हटलं. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सगळ्यांत जास्त झोडपलेल्या प्रांतांपैकी एक होता, आणि भंडारा तेव्हा त्याच प्रांतातला जिल्हा. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. धान घरात नाही, सरणाला लाकूड नाही, खांदा द्यायला माणूस नाही. बसरा कुठे आहे हे ज्याला ठाऊक नव्हतं त्याच्या घरातही युद्ध असं शिरलं.

११ नोव्हेंबर १९१८ला युद्ध थांबलं. बोट पुन्हा विकायला निघाली, आणि इथून तिचं तिसरं आयुष्य सुरू होतं.

वालचंद हिराचंद दोशी हे सोलापूरचे, जन्म १८८२चा. लक्ष्मण बळवंत फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली होती, युद्धात लष्कराची कामं केली होती. त्यांच्या चरित्रात सांगितली जाणारी हकीगत अशी : १९१९च्या सुरुवातीला ते दिल्लीहून मुंबईला येत होते. डब्यात वॉटसन नावाचा एक इंग्रज गृहस्थ होता. बोलता बोलता तो म्हणाला, ग्वाल्हेरच्या महाराजांची एक आगबोट विकायची आहे, त्या कामासाठी मुंबईला निघालो आहे. वालचंदांच्या मनात बोट तिथेच बसली. मुंबईला उतरल्यावर त्यांनी नरोत्तम मोरारजी यांना गाठलं. किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास हेही सामील झाले. व्यवहार झाला. २७ मार्च १९१९ रोजी साडेचार कोटींच्या भांडवलाची कंपनी नोंदवली गेली, आणि बोट ज्यांच्याकडून घेतली त्या शिंदे सरकारांचं नाव तिला मिळालं : सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी.

हे धाडस होतं. त्या काळी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची आणि परदेशी वाहतूक बहुतेक सगळी ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती. जमशेटजी टाटांनी १८९०च्या दशकात जपानी कंपनीच्या साथीने चीनला सूत नेण्याची स्वतःची बोटसेवा काढली होती. पी अँड ओ कंपनीने भाडी जवळजवळ फुकटावर आणून ती बुडवली. १९०६मध्ये तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली; तिचा शेवट त्यांच्या तुरुंगवासात झाला. याचा फटका बंदरांपुरता नव्हता. तुमसरजवळच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून विसाव्या शतकाच्या आरंभापासून मँगनीज निघत होतं. मजुरांनी डोक्यावरच्या टोपल्यांनी वाहिलेला तो काळा दगड आगगाडीने बंदराला जाई आणि तिथून परक्या बोटींनी विलायतेच्या पोलाद कारखान्यांना. खाण आपल्या जमिनीत, घाम आपल्या माणसाचा, आणि समुद्रावरचं भाडं दुसऱ्याच्या खिशात. बोट आपली असण्याचा अर्थ भंडाऱ्यापर्यंत असा पोचत होता.

कंपनी नोंदवल्याला नऊ दिवस झाले आणि ५ एप्रिल १९१९, शनिवारी, ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. हिंदी मालकीच्या कंपनीची आगबोट विलायतेच्या वाटेवर लागली. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी पुकारलेला हरताळ होता. चौपाटीवर हजारो लोकांनी समुद्रात स्नान करून उपवास धरला, बाजार बंद राहिला. त्यानंतर आठवड्याभरात जालियनवाला बाग. राजनिष्ठेचं नाव कोरलेली बोट अरबी समुद्रात होती, आणि मागे किनाऱ्यावर ती निष्ठा लोकांच्या मनातून कायमची उतरत होती.

धंद्याच्या दृष्टीने बोट यशस्वी ठरली नाही. १८९०ची बांधणी, कोळसा भरमसाट, अंग थकलेलं. १९२१मध्ये ती मुंबईत बांधून ठेवली आणि १९२३मध्ये मोडीत निघाली. बॅरोला जन्मलेली, योकोहामा पाहिलेली, जखमी शिपायांना वाहिलेली ती बोट मुंबईच्या भंगारवाल्यांच्या हातोड्याखाली संपली. त्याच वर्षी लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांशी झालेल्या कराराने सिंदियाला हातपाय आखडून बसावं लागलं : फक्त किनाऱ्याची वाहतूक, तीही ठरलेल्या टनांच्या आत. पण कंपनी बुडाली नाही. पुढे तिने विशाखापट्टणला जहाज बांधण्याचा कारखाना काढला. १९४१मध्ये राजेंद्रप्रसादांनी त्याची कोनशिला बसवली आणि तिथेच बांधलेली ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. १९६४पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

तो पाळावाच. वालचंदांची हिंमत तेवढ्या तोलाची होती. पण त्या दिवशी ‘लॉयल्टी’चं नाव घेताना तिच्या झुलत्या खाटांवरून आलेल्या माणसांची आठवण निघत नाही, ही उणीव आहे, आणि ती भरून काढण्यासारखी आहे.

मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. त्याच्या दालनात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना कबर किंवा चिता मिळाली नाही अशा दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावं ब्राँझच्या पत्र्यांवर आहेत. त्यांचं नशीब तेवढं तरी बरं. इराकमध्ये बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली नुसते आकडे लिहिले. अशा हजारो जणांना नावाऐवजी आकडा मिळाला ही चूक झाली, असं या स्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या अहवालाने २०२१मध्ये मान्य केलं.

आकड्यांतून नाव परत मिळवायची एक साधी वाट आपल्या घरात असू शकते. त्या युद्धातून परतलेल्या शिपायाला, डोलीवाल्याला, मजुराला पदक मिळत असे. शिपायाला चांदीचं, मजुरांना आणि इतर कामकऱ्यांना बरेचदा ब्राँझचं. पदकाच्या दर्शनी बाजूला राजाचा मुखवटा असतो, तिकडे पाहू नका. त्याची कड उजेडात धरा. त्या बारीक कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. साकोलीला, लाखनीला, पवनीला, कुठेही आजोबा-पणजोबांच्या पेटीत असं पदक पडलं असेल तर मोडीत देण्याआधी ती कड वाचा, आणि नाव वहीत उतरवून ठेवा.